डॉक्टरकी सोडून विनोदी नट व्हायचंय? मग या क्रमाने करा

मराठी रंगभूमीला डॉक्टर नवे नाहीत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नाटकात आले. डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. डॉ. गिरीश ओक आणि डॉ. निलेश साबळे आयुर्वेदाचे. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना सांभाळून नाटकं बसवणारे. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांनी तर वैद्यकी कधी टाकलीच नाही. “एवढं शिकून आता तोंडाला रंग लावणार का?” असं विचारणाऱ्या काकांना ऐकवायला ही यादी बरी आहे.

स्वतःसाठी मात्र ती जरा जपून वाचा. यातल्या बहुतेकांची ओळख गंभीर किंवा भारदस्त भूमिकांची. डॉक्टरचा ठाम आवाज, थांबून थांबून बोलणं, आपण आत आलो की खोली गप्प होणार हा विश्वास, हे सगळं भारदस्त भूमिकेत आयतं कामी येतं. विनोदात तेच आडवं येतं. विनोदी नटाला खोलीतला सगळ्यात कमी शहाणा माणूस व्हावं लागतं, आणि तेही मनापासून. दहा वर्षं ‘डॉक्टरसाहेब’ ऐकलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो. राजीनामा लिहिणं त्यामानाने सोपं. म्हणून खालच्या पायऱ्यांत कागदपत्रं आणि पैसे आधी उरकले आहेत आणि शिकण्याला जास्त जागा दिली आहे.

पायरी १ : आधी दमणूक आणि ओढ वेगळी करा

नाइट ड्यूट्या, पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) प्रवेश परीक्षा, नातेवाइकांची आरडाओरड. यातून सुटण्यासाठी माणसाला काहीही आवडू शकतं. कुणाला हॉटेल काढावंसं वाटतं, कुणाला शेती, कुणाला विनोद. तपासणी साधी आहे. चार दिवस सुट्टी मिळाली तर तुम्ही झोपता की तालमीला जाता? पहिले दोन दिवस झोपलात तर हरकत नाही. चारही दिवस झोपलात तर तुम्हाला रजा हवी आहे, कदाचित समुपदेशकही. रंगभूमी नंतर बघू.

दुसरी तपासणी म्हणजे नोकरी न सोडता एक हंगाम हौशी नाटक करणं. अजून विद्यार्थी किंवा इंटर्न असाल तर आपल्या कॉलेजच्या एकांकिका गटात शिरा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा चालू आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे संघही त्यात उतरतात. बी. जे. मेडिकलने तर पटेल, आगाशे, लागू अशी माणसं रंगभूमीला दिली. शिक्षण संपलं असेल तर राज्य नाट्यस्पर्धेची हौशी फेरी आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यातल्या केंद्रांवर होते आणि कॉलेजचा दाखला मागत नाही. तुमच्या गावात एखादी संस्था दरवर्षी त्यात नाटक उतरवतच असेल. तिच्याकडे जा आणि आधी काय काम पडेल ते करा: लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचला, प्रॉम्प्टिंग करा म्हणजे विंगेतून वाक्यं आठवून द्या, इस्त्री करा. पहिल्याच दिवशी “मी डॉक्टर आहे, मला मोठी भूमिका द्या” असं कुणी उघड म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते दिसतं आणि गटातल्या पोरांना ते लगेच कळतं.

पायरी २ : कागद साफ करा

सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून एमबीबीएस केलं असेल तर १ वर्षाच्या बंधपत्रित सेवेचं, म्हणजे लिहून दिलेल्या सरकारी सेवेचं, काय झालं ते आधी पाहा. दंड किती, दंड भरून सुटका होते की सेवा करावीच लागते, हे तुमच्या प्रवेशाच्या वर्षावर अवलंबून असतं. मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, सही केलेलं बंधपत्र काढून वाचा. पीजी अर्धवट सोडणार असाल तर सीट सोडण्याचा दंड वेगळा असतो आणि मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकतात. माझं मत विचाराल तर पीजीचं शेवटचं वर्ष राहिलं असेल तर ते पूर्ण करा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच घुसमट झाली असेल तर गोष्ट वेगळी.

सरकारी नोकरीत असाल तर मानधन घेऊन अभिनय करण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि सोडताना राजीनामा देऊन तो मंजूर झाल्याचा कागद हातात घ्यावा लागतो. ड्यूटीवर जाणं नुसतंच बंद केलं तर विभागीय चौकशीचं पाकीट नेमकं पहिल्या प्रयोगाच्या आठवड्यात घरी येतं.

नोंदणी मात्र सोडायची नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. वर्षाला सहा धरले तर दोन-तीन रविवारी परिषदांना बसून ते होतात. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा आणि नियम वेगळे, पण सल्ला तोच. दोन वर्षांनी परत यायचं ठरलं तर नोंदणी चालू असलेला डॉक्टर एखाद्या ओळखीच्या वरिष्ठांच्या ओपीडीत काही महिने शेजारी बसून हात पुन्हा बसवू शकतो. ज्याची नोंदणी मेली आहे तो आधी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो.

स्वतःचा दवाखाना किंवा नर्सिंग होम असेल तर बंद करण्याचं काम लांबतं. दाखल रुग्णांचे केसपेपर उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे जागा सोडली तरी कपाट कुठेतरी ठेवावं लागतंच. नेहमीच्या रुग्णांना किमान दोन-तीन महिने आधी सांगा, दारावर पाटी लावा, मधुमेह-रक्तदाबवाल्यांना दुसऱ्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठ्या द्या. सोनोग्राफी मशीन असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालच्या प्राधिकाऱ्याला कळवल्याशिवाय ते हलवू नका आणि नोंदणी नसलेल्या माणसाला विकू तर अजिबात नका. जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र, नर्सिंग होमची नोंदणी, शिल्लक औषधं, सगळं लेखी बंद करा. आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा लगेच बंद करू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायला साधारण २ वर्षांची मुदत असते, आणि अशा बऱ्याच पॉलिसींत दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. दवाखाना बंद झाल्यावरचं संरक्षण कसं मिळेल हे विमा कंपनीला लेखी विचारा.

पायरी ३ : पैशाचं गणित

नाटकातल्या नटाला प्रयोगाप्रमाणे पैसे मिळतात. त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. मालिकेत दिवसाप्रमाणे ठरतं, आणि ते पैसे हातात यायला तीन महिने लागणं हे या धंद्यात नवल नाही. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामावर गणपतीची खरेदी होत नाही. वर पावसाळ्यात प्रयोग पातळ होतात, परीक्षांच्या दिवसांत पातळ होतात, आणि कुठली निवडणूक लागली की नाट्यगृहांच्या तारखा सभांना जातात.

म्हणून घर चालवायला महिन्याला लागतं त्याच्या १८ ते २४ पट रक्कम बाजूला असल्याशिवाय वैद्यकीचं उत्पन्न पूर्ण थांबवू नये, असं मी सांगतो. शैक्षणिक कर्ज, घराचा हप्ता आणि आई-वडिलांचा आरोग्यविमा त्याच हिशेबात धरा. एवढी रक्कम साठेपर्यंत तीन वर्षं जातील असं म्हणाल, तर जाऊ देत. त्या तीन वर्षांत शिकणं थांबत नाही.

करात एक बदल ध्यानात ठेवा. डॉक्टरच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, अभिनयाच्या मानधनावर १८ टक्के आहे, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. मानधनातून १० टक्के टीडीएस कापून येतो. दोन्हीकडे काम चालू असताना दोन्ही उत्पन्नं वेगळी दाखवणारा सीए गाठा. दवाखान्याचा जुना सीए बहुधा “सर, हे नाइट म्हणजे काय?” असं विचारेल.

पायरी ४ : सोडण्याआधी कामाचं रूप बदला

अमेरिकेतला केन जाँग दिवसा लॉस एंजेलिसमध्ये फिजिशियन आणि रात्री क्लबात विनोद करणारा, असा बरीच वर्षं जगला. २००७ साली सिनेमात लक्षात राहणारी भूमिका मिळाल्यावर त्याने दवाखाना सोडला. बायकोही डॉक्टर, त्यामुळे घरात एक पगार चालू होता. हा तपशील त्याच्या गोष्टीत लोक पटकन गाळतात.

आपल्याकडेही मधला टप्पा लागतोच. कोणतं काम धरावं? ज्यात तुम्ही उठून गेल्यावर रुग्ण अडत नाही ते. सकाळची ओपीडी, ठरलेल्या दिवसांची आरएमओची (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची) ड्यूटी, सुट्टीवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी बदली, विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासणं, आरोग्य तपासणी शिबिरं. भूलतज्ज्ञांना केसप्रमाणे पैसे मिळत असल्याने वरवर सोपं वाटतं, पण रात्रीचा सिझेरियनचा कॉल आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनमधली नाटक सुरू होण्याची तिसरी घंटा एकाच वेळी वाजते. शल्यचिकित्सकांचं सगळ्यात अवघड. ऑपरेशन केलं की पुढचे दिवस तो रुग्ण तुमचाच असतो, आणि सराव सुटला की हात मंदावतो. त्यांनी महिन्यातून एखादी शस्त्रक्रिया चालू ठेवण्यापेक्षा शेवटची तारीख ठरवून थांबावं.

रात्रभर कॅज्युअल्टी करून सकाळी शूटिंगला उभं राहता येतं. रात्रभर शूटिंग करून सकाळी कॅज्युअल्टी करू नका. पहिल्यात फार तर सीन पडतो.

पायरी ५ : शिका, आणि इथे वेळ घाला

औपचारिक शिक्षण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही ठिकाणं आहेत. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वयाची अट असलेला, आणि आधी नाटकांत काम केल्याचा पुरावा मागणारा. डॉक्टरांपैकी अनेकांना इतकी वर्षं पुन्हा विद्यार्थी होणं परवडत नाही. त्यांच्यासाठी हौशी संस्था, कार्यशाळा आणि भरपूर प्रयोग हाच रस्ता. लागू यांच्या पिढीने बरंचसं असंच शिकून घेतलं.

विनोद शिकायचा तर तीन वेगळी घरं आहेत हे ओळखा. पहिलं व्यावसायिक नाटक: दोन-अडीच तास, तीच भूमिका शंभरदा, दर वेळी नवीन वाटली पाहिजे. दुसरं प्रहसन, म्हणजे टीव्हीवरचं स्किट. २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’; या दोन कार्यक्रमांनी प्रहसनाला घराघरात नेलं. पहिल्याचं लेखन, दिग्दर्शन आणि निवेदन डॉ. साबळे करत होते, म्हणजे वैद्यकीतून आलेल्या माणसाने फक्त नट राहायचं असं काही नाही. तिसरं स्टँडअप: एकटा माणूस, एक माइक, स्वतः लिहिलेला मजकूर. मराठीत त्याला भाडिपासारख्या (भारतीय डिजिटल पार्टी, यूट्यूबवरचा मराठी चॅनल) मंडळींमुळे प्रेक्षक मिळाला. स्टँडअप लवकर सुरू करता येतं म्हणून डॉक्टर तिकडे आधी वळतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी प्रहसन करा. एकट्याने बोलणं तुम्हाला येतंच, दिवसभर तेच केलंत. समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर देणं आलं पाहिजे.

आता डॉक्टरांच्या सवयी. तालमीत त्या हमखास दिसतात.

पहिली: समोरचा बोलत असताना निदान करून मोकळं होणं. ओपीडीत साठ माणसं बाहेर बसलेली असतात, त्यामुळे तिसऱ्या वाक्याला चिठ्ठी लिहायला घेणं हे अंगात मुरलेलं असतं. रंगमंचावर हाच माणूस सहकलाकाराचं वाक्य संपायच्या आत चेहऱ्यावर उत्तर आणून बसतो आणि सीनमधली हवा जाते. उपाय: एक महिना अशा भूमिका घ्या ज्यांत तुम्हाला वाक्यं नाहीत. नोकर, रांगेतला माणूस, लग्नात कोपऱ्यात जेवणारा पाहुणा. फक्त ऐका आणि ऐकलेलं अंगावर येऊ द्या.

दुसरी: चेहरा कोरा ठेवणं. रिपोर्ट वाईट असला तरी डॉक्टरचा चेहरा हलत नाही, हे शिकवलेलंच असतं. विनोदात तो कधी कधी सोन्यासारखा असतो, पण निवडून वापरला तर. दुसरं काही येतच नाही म्हणून वापरला तर नाही.

तिसरी: दुसऱ्याला दुरुस्त करणं. “स्टेथोस्कोप असा नाही धरत.” अहो, प्रेक्षकाला काय पडलंय! दिग्दर्शकाने विचारलं तरच सांगा.

चौथी, आणि सगळ्यात चिवट: वरची जागा. यासाठी एक खेळ आहे. दोघांनी सीन करायचा, विषय कोणताही, अट एवढीच की तुम्ही दर वाक्याला समोरच्यापेक्षा थोडे खाली उतरायचं. तो उभा तर तुम्ही बसा, तो बसला तर तुम्ही बसायला जागा शोधा, तो रागावला तर तुम्ही त्याचं बरोबर आहे म्हणत आणखी घोळ घाला. आणि पहिलं वर्षभर डॉक्टरची भूमिका शक्यतो नाकारा. कास्टिंगवाले तुम्हाला पांढरा कोट घालून “रिपोर्ट आलेत, पेशंटला आराम द्या” एवढ्या वाक्यासाठी बोलावतील, कारण तुम्ही स्वस्तात खरे दिसता. केन जाँगला हात दिला तो डॉक्टरच्याच भूमिकेने, हे मला माहीत आहे. तोवर त्याचा क्लबांतला सराव मात्र झाला होता.

टायमिंगबद्दल थोडंसं. हशा वर चढत असताना पुढचं वाक्य बोलू नका, पूर्ण विरेपर्यंत थांबूही नका. उतरायला लागला की बोला. हशा पिकवणारा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवा. “दर ऑडिशनच्या दिवशी बाबांच्या छातीत दुखतं” यावर लोक स्मित करतील. “बाबांच्या छातीत दुखतं. कधी? दर ऑडिशनला.” यावर हसतील. सहकलाकाराचा हशा येत असताना स्वतः हलू नका, कप उचलू नका, केसही सारखे करू नका. त्याला ‘लाफ्टर खाणं’ म्हणतात आणि त्यावरून मोठमोठ्या नटांत अबोला झालेला आहे. प्रत्येक प्रयोगानंतर संहितेच्या समासात खूण करा: इथे हसले, इथे नाही, इथे उशिरा हसले. केसपेपर लिहिणाऱ्या माणसाला ही शिस्त सोपी जाते. डॉक्टर असण्याचा हा एक निर्भेळ फायदा.

सरावाला चाळीतलं, सोसायटीतलं, गणेशोत्सवाच्या मंडळातलं व्यासपीठ सोडू नका. माइक शिट्टी मारतो, पहिल्या रांगेत पोरं भांडतात, मध्येच कुणी देणगीदारांची नावं वाचतं. तिथे सात मिनिटं माणसं धरून ठेवलीत तर दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात भीती वाटणार नाही.

पायरी ६ : मजकूर कुठून आणायचा, आणि कुठून नाही

डॉक्टरांचं खराब अक्षर, इंजेक्शनची भीती, फी ऐकून शुद्ध हरपणं, नर्सवरचे विनोद. हे सगळं उगाळून झालंय आणि शेवटचं तर आता किळसवाणंही वाटतं. तुमच्याकडे याहून चांगला माल आहे. पोटदुखी सांगायला बसलेला माणूस सुरुवात मेहुणीच्या लग्नापासून करतो. “सलाईन लावा, त्याशिवाय बरं वाटत नाही” म्हणून अडून बसणारे आजोबा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या आधी पोचणारा आणि खिशातून रिपोर्ट काढणारा दूरचा नातेवाईक. बाहेर तासभर ताटकळलेला एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), आत आल्यावर तीस सेकंदांत तीन औषधं सांगून जाणारा. शिवाय बोली. ज्याने वर्षभर जिल्हा रुग्णालयाची ओपीडी केली त्याच्या कानात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, कोल्हापुरी यांतली एखादी तरी साठलेली असते. फक्त बोलीची टिंगल हा विनोद नव्हे हे ध्यानात असू द्या. त्या बोलीत बोलणारा माणूस सीनमध्ये हुशारच असला पाहिजे.

आणि रुग्णाची गुप्तता. वैद्यकी सोडली तरी ती सुटत नाही. नाव बदलणं पुरेसं नाही. तालुक्याच्या गावात आजार, वय आणि गल्ली एवढ्यावर माणूस ओळखू येतो. म्हणून तीन रुग्णांचे तुकडे एकात शिवा, आजारच बदला, गाव बदला. त्या माणसाने प्रेक्षकांत बसून ऐकलं तर तो मोकळेपणाने हसेल का, हा निकष ठेवा. शंका आली तर तो मजकूर फाडून टाका.

मजकुराचं प्रहसन कसं होतं त्याचा एक नमुना देतो. तरुण डॉक्टर वडिलांना सांगतो, मी दवाखाना सोडून नट होणार. वडिलांच्या छातीत कळ येते. इथवर कुणालाही सुचेल. आता मुलाला काय हवंय आणि आडवं काय येतंय ते बघा. तो वडिलांना तपासतो. नाडी ठीक, ईसीजी ठीक. ही कळ खोटी आहे. पण तो “बाबा, तुम्ही नाटक करताय” असं म्हणाला, तर वडील म्हणणार, “बघ, किती अचूक निदान! असा डॉक्टर दवाखाना सोडतो?” आणि तसं म्हणाला नाही, तर वडिलांना दवाखान्यात न्यावं लागणार आणि ऑडिशन बुडणार. दोन्हीकडून कोंडी. मग मुलगा उलट चाल करतो: मुद्दाम चुकीचं निदान करतो. “बाबा, हे अपेंडिक्स आहे.” वडील दचकतात आणि हात छातीवरून पोटावर नेतात. कंपाउंडर हे सगळं बघतोय. शेवटी तो म्हणतो, “साहेब, ऑडिशनला बाबांना पाठवा.”

यात डॉक्टरवरचा एकही ठरलेला विनोद नाही. हशा येतो तो तर्कातून: चांगला डॉक्टर ठरणं हीच मुलाची अडचण आहे. कंपाउंडरचं वाक्य सुचलं नसतं तरी प्रहसन उभं राहिलं असतं. कोंडी सुचली नसती तर मात्र नाही. लिहायला बसताना विनोद शोधू नका, अशी कोंडी शोधा. दवाखान्यात ती रोज असते.

तिकीट लावून नाटक किंवा एकांकिका करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाट्यगृह ठरवण्याच्या आधी अर्ज करा.

पायरी ७ : ऑडिशन, करार, आणि नावापुढचं ‘डॉ.’

फोटो साधे काढा, लग्नाच्या अल्बमसारखे नकोत. सेल्फ टेपसाठी (घरी स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनसाठी) मागे कोरी भिंत, तोंडावर उजेड, आवाज स्वच्छ. नाव, उंची, राहण्याचं ठिकाण, मोकळ्या तारखा सांगून सुरू करा. मोकळ्या तारखा खऱ्याच सांगा; “ड्यूटी अॅडजस्ट करतो” हे वाक्य शेड्यूल लावणाऱ्याच्या कानाला काट्यासारखं टोचतं. भूमिका देण्यासाठी नोंदणीचे, कार्डाचे, पोर्टफोलिओचे पैसे मागणारा माणूस भूमिका देत नाही. डॉक्टर पाहिला की ही मंडळी आकडा वाढवूनच सांगतात.

शूटिंगं गोरेगाव, मढ, मीरा रोड, ठाण्याचा घोडबंदर रस्ता इथे पसरलेली असतात, काही मालिका कोल्हापूर, सातारा, नाशिककडेही होतात. एका दिवसात बारा तास आणि वर प्रवास धरा. करारात दिवसाचे तास, पैसे कधी मिळणार आणि दुसरं काम करायची मुभा आहे का, एवढं तरी वाचून सही करा.

‘डॉ.’ लावायचं की नाही? मराठी नाटकाच्या जाहिरातीत ते वर्षानुवर्षं छापलं जातंय आणि प्रेक्षकाला आवडतं. पण नोंदणी जिवंत असलेल्या डॉक्टरला २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे औषध, उपकरण किंवा कुठल्याही व्यापारी वस्तूची नावाने, सहीने वा फोटोने शिफारस करता येत नाही. विनोदी नट म्हणून चेहरा ओळखीचा झाला की वेदनाशामक मलमवाले, प्रोटीन पावडरवाले, केसांच्या तेलवाले येतात, आणि त्यांना तुमच्यातला नट नको असतो, ते ‘डॉ.’ हवं असतं. पैसे चांगले असतात. नाही म्हणा, किंवा सही करण्याआधी वैद्यकीय कायदा जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवा.

शेवटी, दौऱ्याच्या गाडीबद्दल

नाटकाच्या बसमध्ये चढलात की तुम्ही कंपनीचे डॉक्टर झालात. मॅनेजरची शुगर, लाइटवाल्याची पाठ, नायिकेच्या आईचा गुडघा, सगळं चिपळूणच्या घाटात विचारलं जातं. पहिल्याच दौऱ्यात नियम घाला: अचानक उद्भवलेलं मी बघेन, जुनाट आजाराची गोळी बदलणार नाही, रिपोर्ट फक्त चहाच्या थांब्यावर. पेटीत बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, ओआरएस, पट्ट्या, तापाची आणि उलटीची औषधं ठेवा. आवाज बसलेल्या नटाला प्रयोगाआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दे म्हणून निर्माता गळ घालेल, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात कुणी कोसळलं तर पडदा पाडायला सांगून मेकअपसकट खाली उतरा. स्त्रीवेषात असलात तरी. हे विंगेतल्या माणसाला आधीच सांगून ठेवलेलं असावं, म्हणजे तो पडद्याच्या दोरीपाशी जाऊन “खरंच पाडू का?” असं विचारत उभा राहणार नाही.